हिरोशिमा, 4 ते 7 ऑगस्ट: आठ वाजून पंधरा मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे

हिरोशिमाला जाणारी बहुतेक मंडळी ओसाकाहून सकाळी येतात, अणुबॉम्बनंतर उरलेला घुमट आणि संग्रहालय पाहतात आणि संध्याकाळच्या शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, परततात. वर्षातले बाकीचे दिवस तेवढं पुरतं. 6 ऑगस्टला मात्र हे शहर पाहायचं असेल, तर निदान तीन रात्री इथे राहायला हवं. या दिवसाची तयारी दोन दिवस आधीपासून दिसू लागते आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग उजाडण्यापूर्वीच उरकलेला असतो. खालची टिपणं 2025 ची आहेत, म्हणजे अणुबॉम्ब पडल्याच्या ऐंशीव्या स्मृतिदिनाची. त्या वर्षी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती, पण दिवसाची आखणी दरवर्षी जवळपास तशीच असते.

राहण्याची सोय पाच-सहा महिने आधी करावी. शहरात जागा मिळाली नाही तर कुरे किंवा इवाकुनीला राहता येतं, दोन्हीकडून लोकल आहे. पण मग 6 तारखेची पहाट हुकते. त्यामुळे 5 आणि 6 या दोन रात्री तरी शहरातच काढाव्या, खोली काडेपेटीएवढी असली तरी चालेल.

4 ऑगस्ट, सोमवार

स्टेशनवर उतरल्यावर पहिली नवलाई ट्रामची. आदल्याच दिवशी, 3 ऑगस्टपासून, हिरोदेन या इथल्या कंपनीची ट्राम उड्डाणमार्गाने थेट स्टेशनच्या दुसऱ्या मजल्यात शिरू लागली होती. शिंकान्सेनच्या दारातून बाहेर आलं की समोरच फलाट. प्रवासी कमी आणि मोबाइल उंचावून उभे असलेले स्थानिक आजोबाच जास्त, असं दृश्य होतं. शहरात सरसकट 240 येन भाडं. मागच्या किंवा मधल्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि उतरताना पैसे द्यायचे. इकोकासारखं रेल्वेचं कार्ड चालतं. सुटे नसतील तर चालकाजवळच्या यंत्रात नोट मोडून घ्यावी, पण ट्राम थांबलेली असतानाच.

या ट्रामचा मान इथे मोठा आहे. 6 ऑगस्ट 1945 नंतर तिसऱ्याच दिवशी, 9 तारखेला, पश्चिमेकडच्या एका छोट्या टप्प्यावर ती पुन्हा धावली. 1942 साली बांधलेल्या 650 मालिकेतल्या काही गाड्यांनी तो बॉम्ब झेलला होता. त्यांतली 651 क्रमांकाची गाडी अजून सेवेत आहे, बहुधा सकाळच्या गर्दीच्या वेळी दिसते. तिच्यावर मोठी पाटी वगैरे काही नाही, त्यामुळे पुढचा आकडा वाचला नाही तर आपण तिच्यातून प्रवास करून उतरलो तरी कळायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी स्मृती उद्यानाकडे न वळता त्याच्या पूर्वेच्या गल्लीत जावं. घुमटापासून पाच मिनिटांवर एक साधं रुग्णालय आहे, शिमा नावाचं. त्याच्या बाहेर कमरेएवढ्या उंचीचा एक दगडी फलक आहे. बॉम्ब फुटला तो याच्या डोक्यावर, सुमारे 600 मीटर उंचीवर. विमानातून नेम धरला होता तो थोडं वायव्येला असलेल्या, इंग्रजी टी आकाराच्या आइओइ पुलावर. हा फलक शोधताना निम्मे लोक चुकतात. ते काहीतरी भव्य शोधत असतात, आणि इथे तर गल्लीत सायकली लावलेल्या असतात, रुग्णालयाच्या दारातून म्हातारी माणसं औषधांच्या पिशव्या घेऊन बाहेर पडत असतात. ते चालू रुग्णालय आहे, दारात घोळका करू नये.

तिथून नदीकाठी आलं की घुमट. मूळची ही इमारत औद्योगिक मालाच्या प्रदर्शनाची. यान लेट्झेल या चेक वास्तुविशारदाने ती बांधली, 1915 साली. स्फोटकेंद्रापासून जमिनीवरचं अंतर 160 मीटर. धक्का जवळजवळ डोक्यावरून, उभा खाली आला म्हणून काही भिंती उभ्या राहिल्या. घुमटाच्या छताचा तांब्याचा पत्रा वितळून गेला आणि उरला तो पोलादी सांगाडा. तो काळोखात पाहावा. खालून मंद दिवे असतात आणि समोरच्या पाण्यात त्याची उलटी सावली पडते, अर्थात भरती असेल तरच.

भरतीचं हे प्रकरण आधीच लक्षात घ्यावं. हिरोशिमा ओता नदीच्या त्रिभुज प्रदेशावर वसलेलं आहे आणि आतल्या समुद्राची भरती-ओहोटी शहराच्या पोटात शिरते. पाण्याच्या पातळीत तीन-चार मीटरचा फरक पडतो. सकाळी काठोकाठ भरलेल्या मोतोयासु नदीत दुपारी चिखल आणि दगडी पायऱ्या दिसतात. या पायऱ्यांना इथे ‘गांगी’ म्हणतात. आपल्याला त्या पाहताक्षणी ओळखीच्या वाटतात, कारण तो सरळ घाटच आहे. 6 तारखेच्या संध्याकाळसाठी भरतीची वेळ आधी पाहून ठेवायला हवी. का ते पुढे येईलच.

5 ऑगस्ट, मंगळवार

उद्यानात सकाळपासून तयारी चालू असते. मधल्या हिरवळीवर पांढरे मांडव, खुर्च्यांच्या रांगा, केबल झाकणारे रबराचे पट्टे, ध्वनिक्षेपकाची चाचणी. शाळकरी वाद्यवृंद आणि गायकवृंद तालीम करत असतो. उद्या कडेकोट बंदोबस्त असणार, म्हणून उद्यान नीट पाहायचं ते आजच.

या जागी तेव्हा उद्यान नव्हतं. नाकाजिमा नावाची ती भरगच्च पेठ होती: दुकानं, देवळं, सिनेमागृह, राहती घरं. आजच्या हिरवळीखाली ती अजून आहे. 2022 साली उघडलेल्या एका छोट्या दालनात खणून काढलेला रस्त्याचा आणि घराचा तुकडा दिसतो, त्यात जळून कोळसा झालेली चटईसुद्धा आहे. जवळची विश्रांतीगृहाची इमारत म्हणजे 1929 सालचं किमोनोचं दुकान. स्फोटाच्या क्षणी तिथल्या तळघरात कागद आणायला उतरलेला एक कर्मचारी वाचला. केंद्रापासूनचं अंतर 170 मीटर.

कमानीसारखं मुख्य स्मारक केन्झो तांगे यांचं, 1952 चं. कमानीतून पाहिलं की मागची ज्योत आणि तिच्यामागे घुमट एका रेषेत येतात. कमानीखालच्या दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत. गेल्या वर्षभरात वारलेल्या हिबाकुशांची, म्हणजे त्या बॉम्बमधून वाचलेल्यांची, नावं दर 6 ऑगस्टला त्यात भरली जातात. 2025 ला 4,940 नावं नव्याने गेली आणि एकूण आकडा 3,49,246 झाला. वह्यांना वाळवी-बुरशी लागू नये म्हणून दर मे महिन्यात त्या बाहेर काढून हवा देतात. एका वहीत एकही नाव नाही. ज्यांची नावंच कुणाला ठाऊक नाहीत, अशा असंख्यांसाठी ती आहे.

पेटीवरचा मजकूर असा: शांत झोपा, ही चूक पुन्हा होणार नाही. चूक नेमकी कुणाची, हे जपानी वाक्यात कर्ता नसल्यामुळे मोकळं राहतं. जपानी युद्धगुन्हेगारांवरच्या तोक्यो खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल 1952 च्या नोव्हेंबरमध्ये इथे आले, तेव्हा त्यांनी नेमका यावरच आक्षेप घेतला होता: बॉम्ब जपान्यांनी टाकला नव्हता, मग चूक त्यांची कशी? वाद बरीच वर्षं चालला. आता शेजारी वेगवेगळ्या भाषांत खुलासा आहे की कर्ता म्हणजे सगळी मानवजात. भाषेच्या अंगाने पाहिलं तर मराठीतही ‘चूक होणार नाही’ म्हणताना कर्ता गाळता येतो, त्यामुळे आपल्याला हे कोडं चटकन कळतं.

उद्यानाच्या पश्चिमेला कासवाच्या पाठीवर उभा असलेला एक स्तंभ आहे, कोरियन मृतांचा. जपानी अमलाखाली इथे आलेले, आणलेले हजारो कोरियन त्या दिवशी शहरात होते. 1970 साली हा स्तंभ उद्यानाबाहेर, नदीपलीकडे उभारला गेला आणि आत यायला त्याला 1999 उजाडलं. त्यांचा स्मृतिविधी 5 ऑगस्टला असतो. पांढऱ्या पोशाखातल्या बायका आणि काळ्या कोटातली मंडळी दिसली की ओळखावं. लांब उभं राहून पाहायला कुणाची हरकत नसते.

मुलांचं स्मारक 1958 चं. सदाको सासाकी बॉम्बच्या वेळी दोन वर्षांची होती. 1955 साली, बाराव्या वर्षी, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारपणात ती कागदी करकोचे घडत राहिली, आणि त्यामुळे जगभरातून दरवर्षी सुमारे एक कोटी करकोचे इथे येतात. वजन भरतं दहा टनांच्या आसपास. तुम्हालाही न्यायचे असतील तर साडेसात सेंटिमीटरचे चौकोनी कागद घ्या. 40 करकोच्यांची एक माळ, अशा 25 माळा वर एकत्र बांधल्या की हजार होतात. वर पक्का फास ठेवा, तो काचेच्या कपाटातल्या हुकाला अडकवता येतो. माळेच्या तळाशी मणी किंवा जाड कागदाचा तुकडा गाठीत धरा, नाहीतर करकोचे घसरून खाली ढीग होतो. जुन्या करकोच्यांच्या कागदाचा लगदा करून त्याची पत्रं, वह्या बनवतात, म्हणून चमकी किंवा प्लॅस्टिकचा मुलामा असलेला कागद टाळावा. प्रवासात दाबून न्यायला हरकत नाही, करकोचे घडी मोडून सपाट होतात आणि इथे बोटाने उघडता येतात.

मराठी माणसाने आणखी एक जागा चुकवू नये. मोतोयासु नदीच्या काठी, घुमटाच्या जवळच, गांधीजींचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. मे 2023 मध्ये त्याचं अनावरण झालं. उंची 42 इंच, आणि शिल्पकार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम वनजी सुतार.

दुपारी दोननंतर उद्यानात थांबण्यात अर्थ नाही. तापमान 35 अंशांच्या आसपास असतं, हवेत मुंबईचा दमटपणा आणि वर झाडांवरच्या सिकाडा या किड्यांचा एवढा कर्कश किर्रर्र आवाज की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. या वेळेला फुकुरोमाचीच्या शाळेत जावं, पायी पंधरा मिनिटं. केंद्रापासून 460 मीटरवरची ही शाळा स्फोटानंतर तात्पुरता दवाखाना झाली. आपली माणसं शोधत आलेल्यांनी काजळीने काळ्या पडलेल्या भिंतींवर खडूने निरोप लिहिले: अमुक मुलगी इथे होती, तिला अमुक ठिकाणी नेलं आहे, तिच्या घरच्यांनी पाहिलं तर कळवा. नंतर शाळा पुन्हा सुरू झाली, भिंतींवर गिलावा चढला आणि निरोप त्याखाली गेले. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी इमारत पाडण्यापूर्वी गिलावा खरवडला, तेव्हा अक्षरं निघाली. इमारतीचा एक तुकडा राखून त्याचं छोटं संग्रहालय केलं आहे. तिकीट नाही. मोठ्या संग्रहालयात रांगेने सरकावं लागतं, तर इथे एकाच भिंतीसमोर अर्धा तास उभं राहता येतं. अक्षरं घाईची आहेत, ओळ तिरपी गेलेली आहे. एखाद्या ठिकाणी लिहिणाऱ्याने नावावर जोर देऊन खडू दाबलेला कळतो.

रात्रीचं जेवण म्हणजे ओकोनोमियाकी, त्याला इथे पर्याय नाही. हिरोशिमाची पद्धत ओसाकासारखी सगळं कालवून तव्यावर टाकण्याची नव्हे, थर लावण्याची आहे. आधी तापल्या पत्र्यावर पळीभर पिठाचं पातळ धिरडं, त्यावर सुक्या माशाची पूड, मग ओंजळभर नव्हे, डोंगरभर बारीक चिरलेला कोबी, मोड आलेले मूग, तळणीची कुरकुरीत बुंदी, वर डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या. थोडं पीठ वरून शिंपडून हे सगळं दोन उलथण्यांनी एका झटक्यात उलटं करतात. आता मांस खाली जातं, कोबी धिरड्याच्या झाकणाखाली स्वतःच्या वाफेवर शिजतो आणि निम्म्याने बसतो. इथे नवखे आचारी घाई करतात आणि उलथण्याने दाबतात. त्याने वाफ निघून जाते आणि कोबी शिजण्याऐवजी चिवट होतो. शेजारी नूडल्स परतून त्यांच्यावर हा डोलारा ठेवायचा, मग एक अंडं फोडून पसरायचं, त्यावर सगळं ठेवायचं आणि पुन्हा उलटायचं. वरून गडद गोडसर सॉस. त्यातला गोडवा बऱ्याच अंशी खजुराचा असतो. खायचं थेट पत्र्यावरून, छोट्या उलथण्याने कापत. पत्रा तापलेलाच असतो, तेव्हा उलथणं तोंडाला लावण्यापूर्वी फुंकर घाला.

शाकाहारींनी ‘नीकु-नुकी’ (मांस वगळून) आणि ‘कात्सुओबुशी नाशी’ (माशाची पूड नको) असं आधीच सांगावं, पण सॉसमध्ये प्राणिजन्य अर्क असतोच आणि पत्रा सगळ्यांना एकच. कडक पाळणाऱ्यांनी दुकानातला उमेबोशीचा ओनिगिरी घ्यावा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा भाताचा लाडू. चव आपल्या लोणच्याच्या बरीच जवळ जाते. युद्धानंतर अमेरिकी मदतीचं गव्हाचं पीठ आलं, घरचा कर्ता पुरुष गमावलेल्या बायकांनी ओसरीत पत्रा मांडून हा धंदा सुरू केला. दुकानांच्या नावांत ‘चान’ असं लाडाचं शेपूट इतक्या ठिकाणी दिसतं ते त्यामुळे.

6 ऑगस्ट, बुधवार

हा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो. 2023 मध्ये घुमटाजवळ आंदोलकांची धक्काबुक्की झाली. त्यानंतर 2024 पासून पालिका संपूर्ण उद्यान सकाळी 5 ते 9 मोकळं ठेवत नाही. पाचला सगळ्यांना बाहेर काढतात, मग ठरलेल्या दारांवर बॅग तपासून आत घेतात. फलक, झेंडे, कर्णे चालत नाहीत. नियम वर्षागणिक थोडे बदलतात, म्हणून जुलै अखेरीस पालिकेच्या संकेतस्थळावरचा नकाशा पाहून कुठलं दार कुठे आहे ते टिपून ठेवावं.

पण मुद्दा पाचच्या आधीचा आहे. स्थानिक कुटुंबं तेव्हाच येतात. अंधारात स्मारकासमोर रांग असते, बोलणं जवळजवळ नाही. चाकाच्या खुर्चीतली आजी, तिला ढकलणारी साठीची मुलगी, झोपाळलेला नातू. हातात फुलं, उदबत्त्या आणि पाण्याची बाटली. पाणी हे इथलं खरं नैवेद्य आहे. भाजलेली माणसं पाणी मागत मागत गेली, आणि पाणी दिलं तर मरतील असं सांगितल्यामुळे अनेकांनी ते दिलं नाही. म्हणून शहरात जिथे जिथे स्मारक आहे, तिथे बाटली उघडून दगडावर पाणी ओतलं जातं. आधी माथ्यावर, मग हळूहळू खाली, नावांच्या ओळींवरून, दगड पूर्ण काळा भिजेपर्यंत. मुख्य समारंभातही शहरातल्या निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेलं पाणी वाहतात. पितरांना पाणी देणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

या वेळी फोटो काढायचेच असतील तर मागून आणि फ्लॅशशिवाय. समोरून चेहरा टिपणाऱ्याला इथे कुणी काही बोलत नाही, पण म्हणून ते चालतं असं नाही.

पाचला बाहेर पडलं की नदीकाठाने दक्षिणेला यावं. शंभर मीटर रुंदीच्या शांतता मार्गाजवळ पालिकेच्या मुलींच्या शाळेचं स्मारक आहे. हा रस्ता इतका रुंद असण्याचं कारण हे की हवाई हल्ल्यातली आग पसरू नये म्हणून इथली घरं पाडून पट्टा मोकळा करायचं काम चालू होतं, आणि ते काम बारा-तेरा वर्षांच्या शाळकरी मुलांना दिलेलं होतं. त्या सकाळी उघड्यावर होती ती हीच मुलं. शहरभरात या कामावरची सहा हजारांच्या आसपास मुलं गेली. एकट्या या शाळेतली सहाशेंहून जास्त. स्मारकातल्या मधल्या मुलीच्या हातात एक पेटी आहे आणि तिच्यावर फक्त ‘ई = एमसी वर्ग’ हे आइन्स्टाइनचं सूत्र कोरलेलं आहे. 1948 साली अमेरिकी ताब्यात ‘अणुबॉम्ब’ असं उघड लिहिण्याची सोय नव्हती. 6 तारखेला सकाळी अशा प्रत्येक शाळेच्या दगडाशी तिथल्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा छोटा विधी होतो. मुख्य समारंभापेक्षा हे पाहणं आमच्या मते कितीतरी मोलाचं.

आठ वाजता समारंभ सुरू होतो, साधारण पन्नास मिनिटांचा. नावांची वही पेटीत ठेवतात, फुलं वाहतात, 8:15 ला, म्हणजे बॉम्ब पडला त्या वेळेला, घंटा आणि मिनिटभर मौन, मग महापौरांचा शांततेचा जाहीरनामा, कबुतरं, दोन शाळकरी मुलांची प्रतिज्ञा, पंतप्रधान, संयुक्त राष्ट्रांचा संदेश, शेवटी गाणं. ऐंशीव्या वर्षी 120 देश आणि प्रदेशांचे प्रतिनिधी आले होते, आजवरचे सर्वाधिक. त्याच वर्षी जिवंत हिबाकुशांची संख्या पहिल्यांदा लाखाच्या खाली आली आणि सरासरी वय 86 च्या पुढे गेलं. हे आकडे तिथे प्रत्येक जण बोलून दाखवत होता. आदल्या वर्षी त्यांच्या निहोन हिदान्क्यो या संघटनेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, तोही उशिरा मिळाल्याची भावना घेऊनच.

आत जायचं तर सहा वाजताच रांगेत लागा, आणि आठपर्यंत दोन तास उन्हाची तयारी ठेवा. सूर्य साडेपाचच्या आधीच वर आलेला असतो. माणशी दीड लीटर पाणी, मिठाच्या गोळ्या (कुठल्याही किरकोळ दुकानात ‘शिओ आमे’ मिळतात), ओला पंचा, टोपी. रांगेत छत्री चालते, मांडवाजवळ मागच्यांसाठी मिटावी लागते. चक्कर येणारे दरवर्षी असतात, आणि कारण बहुधा एकच: पहाटे काही न खाता आलेले.

गर्दी नको असेल तर दुसरी जागा सांगतो: कामियाचोचा चौक, केंद्रापासून हाकेच्या अंतरावर. आठला तिथे नेहमीची ऑफिसची वर्दळ असते. 8:15 ला सायरन होतो, कुठल्याशा देवळाची घंटा लागते. ट्राम जागच्या जागी थांबते. चालकाने टोपीला हात लावून मान खाली घातलेली काचेतून दिसते. पदपथावरचा पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस बॅग पायाशी ठेवतो. काही जण थांबत नाहीत, घाईत असतात, त्यांच्याकडे कुणी डोळे वटारत नाही. सिकाडा तेवढे चालूच. मिनिट सरतं, ट्रामची घंटा वाजते आणि ती निघते.

नऊनंतर उद्यान उघडतं, पण त्या वेळी संग्रहालयात घुसण्याचा मोह टाळा. रांग इमारतीला वळसा घालते. त्याऐवजी झाडं पाहा. केंद्रापासून सुमारे दोन किलोमीटरच्या आत बॉम्बमधून वाचलेली 160 च्या आसपास झाडं शहराने नोंदवून ठेवली आहेत, त्यांना ‘हिबाकु जुमोकु’ म्हणतात. प्रत्येकाला नाव आणि अंतर लिहिलेली पाटी आहे. किल्ल्याच्या आवारातला निलगिरी 740 मीटरवरचा. उद्यानातल्या अओगिरीच्या खोडाला स्फोटाच्या बाजूने पोकळ खाच आहे. तो मूळचा 1.3 किलोमीटरवरचा, 1973 साली इथे आणून लावला. नीट पाहिलं तर यातली बरीच झाडं केंद्राच्या दिशेला झुकलेली दिसतात. भाजलेल्या बाजूचं खोड सावकाश वाढलं, पलीकडचं भराभर, आणि झाड दुखऱ्या बाजूकडे कललं. नकाशा नसेल तर झुकाव पाहून केंद्र कुठे ते सांगता येतं.

सगळीकडे गुलाबी फुलं दिसतात, ती आपली कण्हेर. पंच्याहत्तर वर्षं इथे काही उगवणार नाही अशी तेव्हा बोलवा होती, आणि आधी फुलली ती ही. 1973 पासून ती शहराचं अधिकृत फूल आहे.

दुपारी खोलीवर जाऊन झोपा. खरंच झोपा, साडेतीनला उठलेले आहात.

संध्याकाळी सहापासून मोतोयासुच्या घाटावर तोरो नागाशी, म्हणजे दिवे सोडणं. रंगीत कागद विकत घ्यायचा, त्यावर नाव किंवा दोन शब्द लिहायचे, लाकडी चौकटीला गुंडाळायचा, आत मेणबत्ती. कुठल्याही भाषेत लिहा, देवनागरीही चालते. सोबत जाड शाईचा मार्कर न्या, तिथले पेन ओलसर कागदावर फुटतात. रांग एक-दीड तासाची होते, म्हणून साडेपाचला कागद घेऊन ठेवावा. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि पाहण्याची वेळ सात ते आठ. आता भरतीचा मुद्दा. पाणी ओसरत असेल तर दिवे दक्षिणेला समुद्राकडे जातात, मोतोयासु पुलावर उभं राहावं. पाणी चढत असेल तर तेच दिवे उलटे, आइओइ पुलाकडे सरकतात, नाहीतर घाटालगत घोटाळत राहतात. दोन्हीच्या मधे पाणी थबकलेलं असेल तर घुमटासमोर त्यांची दाटी होते. खाली नावेतून स्वयंसेवक ते गोळा करतात, नदीत काही राहू देत नाहीत. आपल्याकडच्या दीपदानाशी तुलना मनात येतेच, फक्त इथे दुसऱ्या दिवशी काठ स्वच्छ असतो.

परतताना दुकानांत बांबूच्या काठीवरचे उलट्या शंकूसारखे रंगीबेरंगी कागदी कंदील दिसतील. त्यांचा 6 तारखेशी संबंध नाही. या भागात ओबोनला, म्हणजे त्यांच्या पितृपक्षाला, थडग्यांवर ते लावतात. त्या वर्षी कुणी गेलं असेल तर पांढरा. आठवणीला घेऊन जाऊ नयेत, घरात लावायची ती वस्तू नव्हे.

7 ऑगस्ट, गुरुवार

सकाळी साडेसहालाच खुर्च्या रचून ट्रकमध्ये चढत होत्या. संग्रहालय ऑगस्टमध्ये साडेसातला उघडतं. पहिल्या तासाचं तिकीट फक्त ऑनलाइन, वेळ ठरवून, आणि ते आधी घेतलं असेल तरच सुखाने पाहता येतं. प्रौढांना 200 येन. दोन तास धरा. जळून काळा झालेला डबा आणि त्यातलं तसंच कोळसा झालेलं जेवण, गंजलेली तीनचाकी सायकल, बँकेच्या दगडी पायरीवर उमटलेली माणसाची सावली, या तीन वस्तूंपाशी सगळे अडतात. शेवटच्या टप्प्यात गर्दी पातळ होते, तिथली कागदपत्रं घाईत टाळू नयेत. हिबाकुशांच्या आठवणी त्यांच्याकडून शिकून सांगणारे प्रशिक्षित निवेदक 2012 पासून तयार केले जातात. त्यांची भाषणं मोफत असतात, काही इंग्रजीतही. लहान मुलं बरोबर असतील तर पहिली दोन दालनं भरभर पार करावी.

बहुतेक जण आता मियाजिमाला पळतात. वेळ एकाच बेटाला असेल तर निनोशिमाला जा. उजिना बंदरापर्यंत ट्राम, तिथून बोटीने वीस मिनिटं. बेटावर सैन्याचं संसर्ग-विलगीकरण केंद्र होतं, म्हणून त्या दिवशी औषधं आणि खाटा शिल्लक होत्या त्या इथेच. होड्यांतून सुमारे दहा हजार जखमी आणले गेले. बहुतेक परत गेले नाहीत. 1971 मध्ये शेकडो लोकांचे अवशेष इथल्या जमिनीत सापडले, 2004 मध्ये पुन्हा. धक्क्यापासून स्मारकापर्यंत रस्ता सावलीचा नाही, आणि खाण्याची दुकानं मोजकी, त्यामुळे डबा बंदरावरूनच घ्यावा.

याच बेटावर पहिल्या महायुद्धातले जर्मन युद्धकैदी ठेवले होते. त्यांतल्या एकाने, कार्ल युखहाइमने, भाजलेल्या थरांचा बाउमकुखेन केक बनवला आणि मार्च 1919 मध्ये शहरातल्या प्रदर्शनात तो पहिल्यांदा विकला गेला. प्रदर्शन भरलं होतं त्याच इमारतीत, जिचा आता घुमट उरला आहे. बंदरावर त्याच केकची पाकिटं मिळतात. बोटीची वेळ पाहून घ्या, दुपारी दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढतं.